तिसऱ्या पोर्टचा तांबडा दोरा

१ सप्टेंबर

चि. सुतळीस,
काकाचा आशीर्वाद.

चौतीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिले आणि आता मलाच फोनवर काही ऐकू येत नाही, याला काय म्हणायचं ते तूच ठरव. म्हणून हे पत्र. मोबाइलवर तू दोन ओळी टाकतेस, एक अंगठा दाखवतेस आणि गुल होतेस. मला पानं हवीत, भिंतीला टाचून समोर ठेवता येतील अशी.

तुला माहीत आहे, टेलिफोन खात्यातून सुटल्यावर मी घरी बसलो नाही. खरं म्हणजे काकूने बसू दिलं नाही. मी घरी असलो की मिक्सरपासून घड्याळापर्यंत सगळं उघडून बघतो, अशी तिची तक्रार. तेव्हा इथल्या वृद्धनिवासात वायरींचं काम बघतो. पुढच्या इमारतीत कार्यालय आणि सिस्टरांचं टेबल, मागच्या इमारतीत बावीस खोल्या. प्रत्येक पलंगाशी आणि न्हाणीघरात एकेक बटण आहे. ते दाबलं की सिस्टरांच्या टेबलावरच्या पडद्यावर खोलीचा नंबर लागतो आणि घंटा वाजते. दोन इमारतींच्या मधे फरसबंद अंगण आणि त्याच्या खालून गेलेली एकच केबल. दुसरी टाकायची तर अख्खं अंगण उखडावं लागेल. तिथून दिवसभर चाकांच्या खुर्च्या जातात, त्यामुळे अधीक्षकबाई कुदळीचं नावही काढू देत नाहीत.

सहा महिन्यांपूर्वी मागच्या इमारतीत वायफाय आलं. ते त्याच केबलवरून जातं. संध्याकाळी सात वाजले की बावीस खोल्यांतून बावीस नातवंडं बोलायला लागतात, आणि नेमकी तेव्हाच घंटा उशिरा वाजते. कधी अर्धं मिनिट, कधी दोन मिनिटं. आम्ही सगळ्यांनी ते चालवून घेतलं. गेल्या मंगळवारी चौदा नंबरच्या मास्तरीणबाई न्हाणीघरात पडल्या. बटण दाबलं. आयुष्यभर गणित शिकवलेली बाई, फरशीवर पडल्या पडल्या आकडे मोजत राहिली. सिस्टर पोचल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "सहाशे साठ." म्हणजे अकरा मिनिटं. मनगटावर निभावलं, पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

अधीक्षकबाईंनी फलकावर कागद लावला आहे: तीस सप्टेंबरनंतर मागच्या इमारतीतलं वायफाय बंद. त्यांचं चूक म्हणवत नाही. पण कागद वाचून मास्तरीणबाई काय म्हणाल्या माहीत आहे? "मला पुन्हा पाडा, पण माझ्या मुलीचं तोंड दिसू द्या." मुलगी तीन वर्षांतून एकदा येते. बाकीचे दिवस ती त्या पडद्यातच असते.

मला दोन्ही हवं आहे, घंटाही आणि वायफायही. गेटवे नावाचा जो डबा कार्यालयात आहे त्याची पानं लॅपटॉपवर उघडून पाहिली; त्याच्या चार पोर्टांत, म्हणजे वायरींच्या खाचांत, काय काय लागलंय त्याची यादी सोबत आहे. त्यात 'व्हीलॅन' असं एक पान आहे, चौकोनच चौकोन, आणि प्रत्येकापुढे 'टॅग्ड' की 'अनटॅग्ड' असा प्रश्न. मागच्या इमारतीत वायरी वाटून देणारा 'स्विच' नावाचा डबा आहे, तोही त्यातलाच. उपाय इथेच कुठेतरी आहे असा मला वास येतो. तू या धंद्यातली. मला शिकव. हात माझे, डोकं तुझं. तीस तारखेच्या आत हे झालंच पाहिजे.

काका


५ सप्टेंबर

तीर्थस्वरूप काका,
नमस्कार.

पत्र मिळालं. मी कामात आहे, त्यामुळे मुद्द्याचं लिहिते.

तुमचा वास बरोबर आहे. एका केबलमधून दोन वेगळी जाळी नेता येतात, तेच तुमचं 'व्हीलॅन'. प्रत्येक निरोपाला एक आकडा चिकटवायचा. घंटेच्या निरोपाला दहा, वायफायच्या निरोपाला वीस. या आकड्यालाच टॅग म्हणतात. केबलच्या एका टोकाला गेटवे, दुसऱ्या टोकाला स्विच. दोघंही आकडा वाचतात आणि दहाचं दहाकडे, विसाचं विसाकडे देतात, सरमिसळ होत नाही. म्हणून अंगणाखालची केबल जिथे लागते ते दोन्हीकडचे पोर्ट दहा आणि वीस यांच्यासाठी 'टॅग्ड'. पण घंटेचं यंत्र, सिस्टरांचा पडदा, वायफायचे डबे यांना आकडा वाचता येत नाही. ती जिथे लागतात तो पोर्ट 'अनटॅग्ड', म्हणजे आकडा सोलून काढायचा आणि नुसता निरोप हातात द्यायचा. शिवाय टॅगमध्ये तातडी लिहायलाही जागा असते. दहाला सगळ्यांत वरची तातडी द्या, म्हणजे केबल कितीही भरलेली असली तरी घंटा आधी जाईल. नुसतं वेगळं करून भागणार नाही, तातडी द्यायलाच हवी.

आता हे नीट वाचा. गेटवेला चार पोर्ट आहेत. पहिल्यात कार्यालयाचा संगणक, दुसऱ्यात सिस्टरांचा पडदा, चौथ्यात अंगणाखालची केबल. तिसरा रिकामा आहे. त्या तिसऱ्याचं काहीही बदलू नका. तो आहे तसा, जुन्या जाळ्यात, राहू द्या. काम करताना लॅपटॉप तिसऱ्यातच लावा. ज्या पोर्टमधून तुम्ही आत शिरला आहात त्याला हात लावू नका. बदल करण्याआधी जुन्या रचनेची प्रत उतरवून ठेवा. आधी मागचा स्विच, मग पुढचा गेटवे. आणि पुन्हा सांगते, तिसऱ्याला हात लावू नका. काही बिनसलं तर आत जायला तेवढीच एक वाट असते.

काम चालू असेल तेवढा वेळ घंटा बंद पडेल असं धरूनच चाला. त्या तासात मागच्या इमारतीत माणूस फिरता ठेवा. कोणाचं काय होईल सांगता येत नाही.

खरं तर एखाद्या माहितगार माणसाला बोलावलंत तर बरं.

तुमची,
सुतळी


९ सप्टेंबर

चि. सुतळीस आशीर्वाद.

तुझं पत्र कार्यालयात गेटवेसमोरच्या भिंतीवर टाचलं आहे. 'हात लावू नका' किती वेळा लिहिलंस ते मोजलं नाही, पण काकूने मोजलं. ती म्हणाली, पोरगी तुम्हाला पुरती ओळखून आहे. मी मात्र थोडा दुखावलो. मला दूधखुळा समजतेस काय? खांबावर चढून भर वाऱ्यात जोड मारले आहेत मी.

असो. कामाला लागलो. बावीस खोल्यांतून येणारी प्रत्येक वायर हाताने माग काढून पाहिली आणि तिच्यावर चिठ्ठी लावली. त्यात एक गंमत सापडली. नऊ नंबरच्या खोलीतल्या आजोबांनी घंटेची वायर काढून तिथे स्वतःचा रेडिओ लावायचा प्रयत्न केला होता. रेडिओ लागला नाही, आणि घंटाही गेली. दोन महिने त्यांचं बटण मुकं होतं आणि कोणाला पत्ता नाही. आता जोडलं आहे. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं आहे.

तिसऱ्या पोर्टला तांबडा दोरा बांधला. ही आमच्या एक्स्चेंजची रीत, तुला कधी सांगितली नसेल. कोणी चुकून तारांची भलतीच जोडी तोडली, एखाद्याचा फोन मेला, की ज्याने तोडली त्यानेच ती जोडायची आणि आपल्या हाताने तिला तांबडा दोरा बांधायचा. दोरा दिसला की विचारल्याशिवाय त्या वायरीला कोणी बोट लावायचं नाही. शिवाय बांधणाऱ्याने महिनाभर रोज सकाळी ती लाइन तपासायची आणि गिऱ्हाइकाला फोन करून विचारायचं, 'ठीक आहे ना?' पहिल्या दिवशी शिव्या पडत. विसाव्या दिवशी लोक मुलीच्या लग्नाचं सांगत. तर तुझा तिसरा आता सुरक्षित आहे.

तीन गोष्टी अडल्या. एक, प्रत्येक पोर्टपुढे पीव्हीआयडी नावाचा आणखी एक चौकोन आहे, तो कशाला? दोन, पहिल्या, कार्यालयाच्या पोर्टचं काय करायचं? तीन, तातडीचा आकडा मोठा द्यायचा की लहान?

पाकीट तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतो. तिथे लवकर मिळतं असं गेल्या वर्षी म्हणाली होतीस.

काका


१६ सप्टेंबर

चि. सुतळीस आशीर्वाद.

सोबतचं पाकीट परत आलं, म्हणून आता घरच्या पत्त्यावर टाकतो. वर जांभळ्या शाईत शिक्का आहे: 'सदर व्यक्ती येथे काम करत नाही.' खाली कोणीतरी पेनने जोडलं आहे, 'जानेवारीत राजीनामा'.

मी दादाला काही विचारलेलं नाही. तो परवाच अभिमानाने सांगत होता की मुलीने मोठ्या ऑफिसात बदली घेतली. मी मान डोलावली. काकूलाही बोललो नाही, आणि काकूपासून काही लपवणं म्हणजे काय असतं हे तुला ठाऊक आहे.

तुझं पहिलं पत्र पुन्हा काढून वाचलं. तेव्हा वाटलं होतं, ही मला सांभाळून घेते आहे. आता वाचताना वाटतं, हे कोणी घाबरलेल्या माणसाने लिहिलं आहे. घाबरण्याचं कारण मी नव्हे.

सांगावंसं वाटलं तर सांग. नाही वाटलं तर नको. पण पीव्हीआयडी कशाला असतं ते मला कळलंच पाहिजे. चौदा दिवस उरले आहेत आणि मास्तरीणबाई रोज सकाळी येऊन उरलेला आकडा सांगून जातात.

काका


१९ सप्टेंबर

तीर्थस्वरूप काका,
नमस्कार.

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. आता खरं लिहिते, कारण खोटं लिहून दमले.

जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी मी घरी बसून एका रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेचा गेटवे नीट करत होते. दोनशे किलोमीटरवरून, बाहेरच्या लाइनीने आत शिरले होते. सगळं छान चाललं होतं. मग ज्या पोर्टवर ती बाहेरची लाइन होती त्याचाच टॅग मी बदलला. दुसरा बदलायचा होता. बटण दाबलं आणि पडदा थिजला. मला लगेच कळलं. मी स्वतःला बाहेर काढून आतून कडी लावली होती. दुसरी वाट मी ठेवलीच नव्हती. कोणीतरी गाडी काढून तिथे पोचेपर्यंत पाच तास वीस मिनिटं गेली. तेवढा वेळ दोन दवाखान्यांना एकही रिपोर्ट गेला नाही. एका बाईचं ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर ढकललं. तिला काही झालं नाही, पण ते मला तीन दिवसांनी कळलं. ते तीन दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका.

साहेब एवढंच म्हणाले, "सोमवारी बोलू." मी सोमवारी गेलेच नाही. राजीनामा पोस्टाने पाठवला. आता एका झेरॉक्सच्या दुकानात बसते. लोकांची प्रमाणपत्रं दोन प्रतींत काढून देते. तिथे कोणाचं काही बिघडत नाही. बाबांना बदलीचं सांगितलं कारण त्यांचा चेहरा बघवला नसता.

म्हणून म्हणते, हे काम दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. ज्या कामाला माझं डोकं लागेल ते मला सुरक्षित वाटत नाही. तुमच्याकडे तर घंटेवर माणसांचे जीव आहेत.

पीव्हीआयडी म्हणजे, अनटॅग्ड पोर्टमधून बिनआकड्याचा निरोप आत आला तर त्याला कोणता आकडा चिकटवायचा तो. नुसतं अनटॅग्ड दहा करून पीव्हीआयडी जुनाच ठेवला तर निरोप बाहेर जाईल पण परत येणार नाही. ही चूक सगळे करतात. सिस्टरांच्या पोर्टला दहा, घंटेच्या यंत्राला दहा, वायफायच्या डब्यांना वीस. कार्यालयाचा पहिला पोर्ट जुन्या जाळ्यात, म्हणजे आकडा एकमध्येच, राहू द्या. अंगणाखालच्या केबलवर एक हा आकडा अनटॅग्ड ठेवा, म्हणजे पुढून मागचा स्विचही बघता येईल. तातडी सात म्हणजे सर्वांत वर. घंटेला सहा द्या, सात यंत्रांना आपसात लागते.

नको नको म्हणत सगळं लिहून बसले. सोबत आकृती काढली आहे. निळी रेघ दहा, हिरवी वीस.

सुतळी


२२ सप्टेंबर

सुतळे,

आकृती भिंतीवर लागली. एवढी स्वच्छ आकृती काढणारी पोरगी दिवसभर प्रमाणपत्रं उलटी-सुलटी करते, याचा मला राग येतो.

मी तुला गोड बोलून समजावणार नाही. तू चूक केलीस, मोठी केलीस. एक बाई एक दिवस जास्त पोटात भीती घेऊन पडून राहिली. ते खरंच आहे आणि ते पुसलं जाणार नाही. पण मला खुपलं ते शनिवारचं नाही. सोमवारचं खुपलं. साहेबांना तुझ्याशी बोलायचं होतं आणि तू तिथे नव्हतीस. तुला त्या प्रयोगशाळेत फोन करून 'ठीक आहे ना?' असं विचारता आलं असतं, तेही राहिलं.

माझ्या नावावर चार तांबडे दोरे आहेत. चारही वेळा वाटलं होतं की नोकरी सोडावी. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती लाइन तपासायची असायची, ती काही दुसरा कोणी तपासणार नव्हता. म्हणून जात राहिलो. मोठेपणा वगैरे काही नव्हता त्यात.

आता कामाचं. दुसरा माणूस बोलावणार नाही. शनिवारी, सत्तावीस तारखेला, सकाळी दहा ते अकरा असा तास अधीक्षकबाईंनी दिला आहे. अकराला एक मिनिट वर झालं तर जुनी रचना परत घालायची आणि विषय संपला, वायफाय बंद. मी हो म्हटलं आहे. तो तासभर मागच्या इमारतीत दोन सिस्टर फिरत्या राहतील आणि मास्तरीणबाई जिन्याशी खुर्ची टाकून शिट्टी घेऊन बसतील. शिट्टी त्यांनी शाळेतून निवृत्त होताना आणली होती, परत केली नव्हती.

तू मला त्या दिवशी काही कळवू नकोस आणि मीही विचारणार नाही. जे लिहायचं ते तू लिहून दिलं आहेस.

काका


२८ सप्टेंबर

चि. सुतळीस आशीर्वाद.

काल काय झालं ते क्रमाने सांगतो. माझी फजिती मधे आहे. ती गाळणार नाही.

दहाला मागच्या इमारतीत सुरुवात केली. स्विचवर तुझ्या आकृतीप्रमाणे एकेक पोर्ट केला, पीव्हीआयडीसकट. दहा वाजून वीस मिनिटांनी मागचं काम संपलं. आता घंटेचे निरोप दहाचा आकडा घेऊन निघत होते आणि पुढच्या गेटवेला दहा म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. म्हणजे बावीसही बटणं मुकी. अंगण ओलांडून पुढे आलो.

इथे मी चुकलो. लॅपटॉप तिसऱ्या पोर्टमध्ये लावायचा, तू लिहिलं होतंस. समोर भिंतीवर टाचलेलं होतं. पण तिसऱ्याला तांबडा दोरा होता, मीच बांधलेला. चौतीस वर्षांची सवय, सुतळे! दोरा दिसला की हात आपोआप मागे येतो. मनात विचारसुद्धा आला नाही. सिस्टरांच्या पडद्याची वायर काढली आणि लॅपटॉप दुसऱ्या पोर्टमध्ये लावला. पानावर पोर्टागणिक एक ओळ असते. पहिली ओळ, आहे तशी. दुसरी ओळ, अनटॅग्ड दहा, पीव्हीआयडी दहा. दहा वाजून पंचवीस मिनिटांनी बटण दाबलं आणि पडदा थिजला.

तुझं त्या शनिवारी जे झालं होतं ना, ते काल माझं झालं. अगदी तेच असणार. चौथी ओळ अजून व्हायची होती, म्हणजे केबलच्या पुढच्या टोकाला दहा अजून उघडलेलाच नव्हता. मागे बावीस माणसं आणि एकही घंटा नाही. मी लॅपटॉप बंद करून चालू केला. वायर काढून घातली, फुंकून पुन्हा घातली. पहिल्या पोर्टमधला अधीक्षकबाईंचा संगणक डोळ्यांसमोर होता, पण त्यांनी तो सकाळीच कुलूप घालून ठेवला होता आणि त्या स्वतः मागे फेऱ्या मारत होत्या. घड्याळात दहा सदतीस.

तेवढ्यात काठी टेकत मास्तरीणबाई आल्या. गळ्यात शिट्टी, मनगटाला पट्टी. "तेवीस मिनिटं उरली," म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून खुर्ची ओढून बसल्या.

"काय अडलंय?"

"आत जाता येत नाही. मीच मला बाहेर काढलं."

त्यांनी डब्याकडे पाहिलं. "हा दोरा कशाला?"

"त्या पोर्टला कोणी हात लावू नये म्हणून."

"का लावू नये?"

"सगळं बंद पडलं तर आत जायला एक वाट शिल्लक राहावी म्हणून."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. वर्गात ढ पोराकडे बघावं तसं. मग म्हणाल्या, "मग आता आणखी काय बंद पडायचं राहिलंय?"

मी वायर उचलली आणि तिसऱ्या पोर्टमध्ये घातली. दोऱ्यासकट. दहा सेकंदांत पान उघडलं. सुतळे, साठी उलटलेला माणूस मी, तिथे डोळ्यांत पाणी आलं आणि लपवावंसंही वाटलं नाही. सिस्टरांचा पडदा दुसऱ्यात परत लावला. चौथी ओळ केली. एक अनटॅग्ड, दहा टॅग्ड, वीस टॅग्ड, तातडी सहा. दहा बावन्नला पडद्यावर पहिला नंबर लागला. नऊ. रेडिओवाल्या आजोबांनी दाबलं होतं. सिस्टर धावत गेल्या तर म्हणाले, "काही नाही, बघत होतो."

पण खरी परीक्षा संध्याकाळी सातची. अधीक्षकबाईंनीच सगळ्यांना सांगितलं, ज्याला ज्याच्याशी बोलायचं आहे त्याने बोला, हवं तेवढं मोठ्याने. अख्खी इमारत गजबजली. मग एकेका खोलीतलं बटण दाबत गेलो. मास्तरीणबाईंनी आपलं स्वतः दाबलं. मुलगी पडद्यावर होती, तिला "थांब गं" म्हणाल्या आणि मोजायला लागल्या. 'एक' म्हणून झालं आणि 'दोन' म्हणायच्या आत अंगणापलीकडच्या खिडकीतून सिस्टरांनी हात हलवला. बावीसही खोल्या पाहिल्या. कुठेच दोनच्या पुढे आकडा गेला नाही. अधीक्षकबाईंनी फलकावरचा कागद काढला, घडी घातली आणि टेबलाच्या खणात ठेवला. टाकून दिला नाही. शहाणी बाई आहे.

आता माझं ऐक. आमच्या एक्स्चेंजमध्ये तो दोरा म्हणजे धाक होता. मी तोच अर्थ घेऊन इथे बांधला आणि त्या अर्थापायी आणखी सोळा मिनिटं बावीस माणसांना घंटेवाचून ठेवलं. ही चूक माझ्याशिवाय कोणी केली नसती. पण वाट होती म्हणून निभावलं, आणि ती वाट तू ठेवायला लावली होतीस. तुझ्या त्या शनिवारशिवाय हे तुला इतकं घोटून लिहावंसं वाटलं असतं का? मला नाही वाटत.

अधीक्षकबाईंना सोळा मिनिटांचं सगळं सांगितलं. सोमवारपासून महिनाभर रोज सकाळी बावीस खोल्यांत जाऊन विचारणार आहे, ठीक आहे ना.

दोऱ्याचा उरलेला तुकडा पाकिटात घातला आहे. सोमवार दर आठवड्याला येतो.

काका


६ ऑक्टोबर, सोमवार

तीर्थस्वरूप काका,
नमस्कार.

पत्र शुक्रवारी मिळालं. तुम्ही लॅपटॉप दुसऱ्या पोर्टमध्ये लावला हे वाचून मी दुकानात मोठ्याने "अहो काका!" असं ओरडले. प्रती काढायला आलेले गृहस्थ घाबरून त्यांची मूळ प्रत तिथेच सोडून गेले.

शनिवारी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझ्या काकाला हे आधी कळलं होतं, होय ना?" राग आला तो याचा. तेव्हा तुम्हाला लवकरच भेटायला येतील. तयारीत राहा.

आज सकाळी नऊला साहेबांच्या दारात उभी होते. नऊ महिने उशिरा, पण सोमवारी. ते म्हणाले, "बोलू?" मी म्हटलं, "आधी मी बोलते." सगळं सांगितलं, पोर्टचा नंबर आणि दाबलेलं बटण यासकट. ते म्हणाले, तीन महिने त्यांच्याशेजारी बसून काम करायचं, एकटीने कुठल्याही गेटवेला हात लावायचा नाही, मग बघू. मी हो म्हटलं. मग विचारलं, त्या प्रयोगशाळेच्या गेटवेला आत जायची दुसरी वाट कोणी ठेवली आहे का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली उचलली.

प्रयोगशाळेच्या मुख्य बाईंना मी ओळखलं नाही, त्यांनी माझं नाव ऐकून मला ओळखलं. म्हणाल्या, "पाच तास वीस मिनिटं." मी म्हटलं, "हो. ती मीच. आज तेच परत होऊ नये म्हणून आले आहे. आधीच यायला हवं होतं." त्यांनी मला पाणी दिलं, आणि उभं ठेवलं, बसा म्हणाल्या नाहीत. त्यांचं बरोबरच होतं. साहेब मागे स्टुलावर बसून राहिले आणि मी काम केलं. एक पोर्ट जुन्या जाळ्यात मोकळा ठेवला, त्यातून आत जाऊन पाहिलं, बाहेर येऊन पुन्हा आत जाऊन पाहिलं. आकडे बरोबर पडत होते. मग त्या पोर्टला तुमचा तुकडा बांधला.

उद्या सकाळी नऊला त्यांना फोन करायचा आहे. महिनाभर करणार आहे. पहिल्या दिवशी शिव्या पडतील असं धरून चालले आहे.

निघताना बाईंनी दोऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, "याला हात लावायचा नाही, असंच ना?"

मी म्हटलं, "लावायचा. सगळं बंद पडलं की सगळ्यांत आधी यालाच लावायचा."

तुमची,
सुतळी